जामिनाच्या दिवशी आईला कोणी विचारले नाही

घाटकोपरहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाचा मारहाणीत मृत्यू झाला. दोषारोपपत्र दाखल झाल्यानंतर चार आरोपींपैकी एकाला सत्र न्यायालयाने जामीन मंजूर केला. त्या दिवशी त्यांची आई सकाळपासून न्यायालयात मागच्या बाकावर बसून होती. पुकारा झाला, दोन्ही बाजूंचे वकील बोलले, आदेश झाला आणि आईला कोणीही काही विचारले नाही. ताई लिहितात, "आरोपीचे हक्क सगळ्यांना पाठ आहेत, आमच्या भावनांना मात्र कायद्यात काडीची किंमत नाही. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांच्या संमतीशिवाय जामीन देऊच नये आणि शिक्षाही त्यांना विचारूनच ठरवावी, असा कायदा का होत नाही?"

ताई, मी मुंबईच्या फौजदारी न्यायालयांत २७ वर्षे वकिली करतो आहे. पहिली पंधरा-सोळा वर्षे मी बहुतांशी आरोपींच्या बचावाचे काम केले. त्यानंतर मृतांच्या आणि जखमींच्या कुटुंबांसाठी, सरकारी वकिलांना साहाय्य करणारा वकील म्हणून अधिक उभा राहिलो. हे सांगण्याचे कारण एवढेच, की तुमच्या पत्रातला राग मला परका नाही आणि ज्याच्यावर तो राग आहे त्याच्या आईलाही मी त्याच मागच्या बाकावर बसलेले पाहिले आहे. तुमच्या पत्रात दोन मागण्या एकमेकींत गुंतल्या आहेत. आईचे म्हणणे ऐकले जायला हवे होते, ही पहिली. आईच्या संमतीवर जामीन आणि शिक्षा ठरावी, ही दुसरी. पहिल्या मागणीत कायदा तुमच्या बाजूने आहे. दुसरी मान्य झाली तर तिची झळ सर्वांत आधी तुमच्यासारख्या कुटुंबांनाच बसेल, असे माझे ठाम मत आहे.

खटल्याच्या कागदावर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असे लिहिलेले असते. त्यात तुमच्या आईचे नाव कुठेच नसते. गुन्हा हा एका कुटुंबाचा अपराध न मानता साऱ्या समाजाचा अपराध मानायचा आणि सूडाचे काम घराघरांतून काढून घेऊन राज्यसंस्थेकडे द्यायचे, हा त्यामागचा विचार आहे आणि तो विचार चांगला आहे. मात्र त्याच्या अंमलबजावणीत एक मोठा अन्याय झाला. ज्याच्यावर घाव पडला तो माणूस खटल्यात केवळ साक्षीदार उरला. समन्स आले की यायचे, जबाब द्यायचा आणि निघून जायचे. पुढे काय झाले ते वर्तमानपत्रात छापून आले तर वाचायचे. मी वकिली सुरू केली तेव्हा हीच स्थिती होती आणि आम्हा वकिलांना त्यात काही खटकतही नव्हते, हे मला आज खेदाने सांगावेसे वाटते.

हे बदलले ते फौजदारी प्रक्रिया संहितेत झालेल्या आणि ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने. 'पीडित' या शब्दाची व्याख्या तेव्हा पहिल्यांदा संहितेत आली आणि तिच्यात पालक व कायदेशीर वारस यांचाही समावेश झाला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ती व्याख्या कायम ठेवून हक्क आणखी वाढवले. तुमच्या भावाचे लग्न झाले नव्हते असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे आई ही त्याची वारस आहे आणि म्हणून या खटल्यात ती स्वतः 'पीडित' आहे. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत पीडिताला किंवा फिर्यादीला कळवायचे असते (कलम १९३). आईने वकील नेमला असेल तर दोषारोपपत्राची प्रत तिलाही विनामूल्य मिळते (कलम २३०). न्यायालयाच्या परवानगीने तिचा वकील सरकारी वकिलांना साहाय्य करू शकतो. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर तिचे म्हणणे ऐकल्याशिवाय न्यायालय तशी परवानगी देऊ शकत नाही (कलम ३६०). आरोपी सुटला, किंवा त्याला मूळ आरोपापेक्षा हलक्या गुन्ह्यात दोषी धरले, तर ती स्वतः अपील करू शकते (कलम ४१३). अपिलाच्या या हक्कासाठी वेगळी अनुमती मागावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात स्पष्ट केले.

आता जामिनाविषयी. अल्पवयीन मुलींवरील बलात्काराच्या गंभीर गुन्ह्यांत जामिनाच्या सुनावणीला फिर्यादीची किंवा तिच्या वतीने कोणाची तरी उपस्थिती बंधनकारक आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ नुसार पीडिताला सुनावणीची सूचना द्यावी लागते आणि जामिनापासून शिक्षेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर त्याचे म्हणणे ऐकावे लागते. खुनाच्या खटल्यात प्रत्येक जामीन अर्जाची नोटीस कुटुंबाला बजावलीच पाहिजे, असे कलमात लिहिलेले नाही. पण आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूर खिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितले, की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक पायरीवर पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. त्या प्रकरणात ऑनलाइन सुनावणीत मृतांच्या कुटुंबांच्या वकिलांचा संपर्क तुटला आणि त्यांना पुन्हा ऐकले गेले नाही. उच्च न्यायालयाचा जामीन आदेश रद्द होण्याचे तेही एक कारण ठरले. तुमची आई तिथे बसली होती आणि तिला काही सांगायचे होते. ती उभी राहून बोलली असती किंवा तिच्या वतीने कोणी दोन ओळींचा अर्ज दिला असता, तर न्यायालयाने तिला ऐकायला हवे होते. तसे करता येते, हेच तिला कोणी सांगितले नाही.

त्याच प्रकरणाचा पुढचा भागही सांगितला पाहिजे. कुटुंबांना ऐकल्यानंतर उच्च न्यायालयाने जामीन नाकारला, आणि त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच त्या आरोपीला अटी घालून अंतरिम जामीन दिला. ऐकून घेणे आणि मागितलेले देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुटुंबाचे म्हणणे न्यायालयासमोर आलेच पाहिजे, निर्णय मात्र न्यायालयाचा असतो.

याचे कारण समजण्यासाठी जामिनाच्या वेळी न्यायालयासमोर नेमका प्रश्न काय असतो ते पाहावे लागेल. आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, पुरावा नष्ट करेल का, गुन्हा किती गंभीर आहे आणि त्यात या विशिष्ट आरोपीचा सहभाग कागदोपत्री कितपत दिसतो, हे तिथले मुद्दे. त्याने गुन्हा केला की नाही हे त्या दिवशी ठरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंगविषयक अहवालानुसार देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही अशी माणसे. त्यांच्यातले काही अपराधी असतील, काही नसतील, आणि कोण कोणता हे अजून कोणीच ठरवलेले नाही. आर्थर रोड तुरुंगाच्या बराकीत एखादा मुलगा चार वर्षे काढतो आणि मग निर्दोष सुटतो, तेव्हा त्याची ती चार वर्षे त्याला कोणी परत करत नाही.

तुमच्या आईचे दुःख या मुद्द्यांना थेट लागू होत नाही, पण त्या दुःखाच्या पोटात जी माहिती असते ती मात्र लागू होते. हा फरक माझ्या कामाचा गाभा आहे. "माझे काळीज तुटते, त्याला सोडू नका," असे आई म्हणाली तर न्यायाधीश ते आदराने ऐकतील, पण त्यावरून आदेश देऊ शकणार नाहीत. "तो आमच्या समोरच्या चाळीत राहतो, ज्या दोन मुलांनी मारहाण पाहिली ती त्याच जिन्यावरून ये-जा करतात आणि घटनेनंतर त्याचा मामा त्यांच्या घरी जाऊन आला," असे तिने सांगितले तर जामीन नाकारला जाऊ शकतो. निदान खटला संपेपर्यंत त्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत पाऊल ठेवायचे नाही, अशी अट तरी लागू शकते. दोन्ही वाक्ये एकाच वेदनेतून आलेली आहेत. दुसऱ्या वाक्यातली वेदना न्यायालयाला वापरता येते. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांशी मी पहिले दोन-तीन तास केवळ ऐकत बसतो ते याचसाठी. रडण्याच्या मध्येच कुठेतरी हा मामा सापडतो.

आता एक जुना प्रसंग सांगतो. तो मी फारसा कोणाला सांगत नाही.

साधारण २००६ सालची गोष्ट असेल. शिवडीच्या जलदगती न्यायालयात एका खुनाचा खटला चालू होता. मृत मुलगा बावीस वर्षांचा होता. माझा अशील अटकेच्या वेळी एकोणीस वर्षांचा आणि तोवर दोन वर्षे कोठडीत असलेला. मुलाची आई साक्षीला आली होती. मुद्देमालाचे पाकीट पुढे आले, शिपायाने लाखेचे मोहोर तोडले आणि आतून शर्ट निघाला. सुकलेल्या रक्ताने तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. सरकारी वकिलांनी विचारले, "हा शर्ट तुम्ही ओळखता का?" बाईंनी डागांकडे पाहिलेच नाही. शर्ट हातात घेऊन त्यांनी तो खालच्या बाजूने उलटला, खालून दुसरे बटण बोटांत धरले आणि म्हणाल्या, "हे मी लावलेलं आहे. पांढरा दोरा संपला होता, म्हणून निळ्यानं लावलं." न्यायाधीशांनी लेखन थांबवायला सांगून त्यांना पाणी द्यायला लावले. त्या खोलीत त्या क्षणी त्या आईवर विश्वास नसलेला एकही माणूस नव्हता. मीही त्यात आलो.

पाच मिनिटांनी उलटतपासणीला मी उभा राहिलो. पोलिसांनी नोंदवलेल्या तिच्या जबाबात लिहिले होते, की त्या रात्री चौघेही दारात आले, त्यांनी मुलाला हाक मारली आणि तिने ते स्वतः पाहिले. माझ्या अशिलाला या प्रकरणाशी जोडणारा तेवढाच एक धागा होता. मी शक्य तितक्या हळू आवाजात विचारले, की त्या रात्री मुलगा बाहेर पडला तेव्हा त्या घरी होत्या का. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, की त्या बहिणीकडे गेल्या होत्या, दारात कोण आले ते त्यांनी पाहिले नव्हते आणि "साहेबांनी सांगितलं तसं मी म्हटलं." इतर तिघांविरुद्ध वेगळा, भक्कम पुरावा होता आणि त्यांना शिक्षा झाली. माझा अशील सुटला. निकालानंतर पायऱ्यांवर त्या बाई मला भेटल्या आणि एवढेच म्हणाल्या, "म्हणजे माझंच खोटं ठरलं का?"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. आज मी त्यांना सांगेन, की निळा दोरा खरा होता, त्यांचे दुःख खरे होते, आणि दारातली ती हाक मात्र कोणीतरी त्यांच्या दुःखावर नेऊन चिकटवली होती. ज्याने ते केले त्याला ठाऊक होते, की एवढ्या दुःखी आईला कोणी प्रश्न विचारणार नाही. तो प्रश्न विचारण्याचा आरोपीचा हक्क नसता, तर एक एकोणीस वर्षांचा मुलगा आयुष्यभर आत राहिला असता आणि त्या बाईंना आपण काय केले हे कधी कळलेही नसते.

पीडिताच्या वकिलाने सरकारी वकिलांना साहाय्य करावे, पण स्वतंत्रपणे साक्षीदारांची तपासणी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रेखा मुरारका प्रकरणात म्हटले. शिक्षा कमी वाटते एवढ्या कारणावरून पीडिताला त्याच्या अपिलाच्या हक्काच्या कलमाखाली अपील करता येत नाही, हेही २०२० मध्ये परविंदर कन्सल प्रकरणात स्पष्ट झाले. पीडितांच्या बाजूने उभा राहताना या मर्यादा मला जाचतात. तरी त्या का आहेत ते मला शिवडीतल्या त्या दुपारी कळले आहे. सरकारी वकिलाचे काम आरोपीला शिक्षा मिळवून देणे एवढेच नसते. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती आला तर तोही त्याला न्यायालयासमोर ठेवावा लागतो. कुटुंबाचा वकील असे करू शकणार नाही आणि त्याने तसे करावे अशी अपेक्षाही कोणी ठेवू नये.

संमतीच्या मागणीकडे वळतो. समजा उद्या असा कायदा झाला, की मृताच्या घरच्यांनी होकार दिला तरच जामीन. दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात कोण येईल? आधी आरोपीच्या वाड्यातली वडीलधारी माणसे येतील, "झालं गेलं विसरा, पोराचं आयुष्य आहे," असे म्हणत. मग पैशाचे पाकीट येईल. ते तुम्ही परत केले, की कोणीतरी तुमच्या धाकट्या मुलीच्या शाळेची वेळ तुम्हाला सहज सांगून जाईल. आज तुम्ही त्यांना म्हणू शकता, की हे माझ्या हातात नाही, न्यायालय ठरवेल. हे वाक्य गरीब कुटुंबाचे केवढे मोठे संरक्षण आहे, हे ते हातून गेल्याशिवाय कळत नाही. किल्ला कोर्टाच्या आवारात ज्या प्रकरणांत तडजोडीला कायद्याने मुभा आहे तिथे हे मी रोज पाहतो. प्रतिज्ञापत्रावर 'स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय' असे छापलेले असते आणि सही करणाऱ्याची नजर मागे उभ्या असलेल्या माणसाकडे असते. बलात्कार आणि खुनासारखे गुन्हे दोन पक्षांच्या समझोत्याने रद्द करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यानसिंग प्रकरणात सांगितले ते यासाठीच.

शिवाय दुःख सगळ्यांचे एकसारखे नसते. एकाच घरात बापाला फाशी हवी असते, आईला फक्त मुलाचा मोबाईल परत हवा असतो आणि भावाला हे सगळे विसरून गावी जायचे असते. ज्याच्या मागे कोणी नाही अशा पदपथावरच्या माणसाचा खून झाला तर त्याच्यासाठी दुःख कोण मांडणार? शिक्षा दुःखाच्या प्रमाणात द्यायची ठरवली, तर ज्याचे नातेवाईक जास्त आणि चांगले बोलणारे त्याचा जीव जास्त मोलाचा, असा त्याचा अर्थ होईल. अमेरिकेत हा वाद गाजलेला आहे. मृत्युदंडाच्या खटल्यात कुटुंबाच्या हानीचे निवेदन ज्यूरीसमोर येऊ नये, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ठरवले आणि १९९१ मध्ये आपलाच निर्णय फिरवून ते येऊ दिले. आपल्याकडे कोडगली निकालात अशा निवेदनाची गरज बोलून दाखवली गेली आहे. दोषसिद्धीनंतर, शिक्षेच्या सुनावणीत, कुटुंबाला आपले काय हरवले ते सांगू द्यावे या मताचा मी आहे. दोष ठरण्याआधी मात्र ते निवेदन न्यायाधीशांच्या टेबलावर असू नये.

कधी कधी तर पीडितेच्या भावना तिला न विचारताच गृहीत धरल्या जातात. मध्य प्रदेशात २०२० मध्ये विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना, त्याने फिर्यादी महिलेच्या घरी जाऊन तिच्याकडून राखी बांधून घ्यावी, अशी अट घातली गेली होती. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या महिलेला नेमके काय हवे होते, हा साधा प्रश्न त्या अटीच्या आधी कोणी विचारला नव्हता.

समाजाच्या संतापाने कायदा सुधारतो, हे मी नाकारत नाही. महाराष्ट्रातच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले आणि त्याविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ ची दुरुस्ती आली. ते पत्र मी विद्यार्थिदशेत वाचले होते. त्यात संताप पुरेपूर आहे, पण प्रत्येक परिच्छेदात युक्तिवाद आहे. संमती आणि शरण जाणे यांतला फरक न्यायालयाच्या लक्षात आला नाही, हे त्यात मुद्देसूद दाखवलेले आहे.

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने २९ दिवसांत दिलेला अहवालही असाच होता. बलात्कारासाठी फाशी नको आणि बालगुन्हेगाराची वयोमर्यादा खाली आणू नका, असे त्या समितीने विचारपूर्वक सांगितले होते. तरीही त्या प्रकरणातला अल्पवयीन आरोपी २० डिसेंबर २०१५ रोजी सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने सोळा ते अठरा वयाच्या मुलांना निर्घृण गुन्ह्यांत प्रौढांप्रमाणे खटल्याला सामोरे जायला लावणारा कायदा मंजूर केला. त्या वेळी मृत मुलीचे आईवडील प्रेक्षक कक्षात बसलेले होते. त्या आईवडिलांना मी एक शब्दही बोलणार नाही. त्यांच्याकडे पाहून घाईने होकार देणाऱ्यांविषयी मात्र मला आजही वाईट वाटते, कारण त्या मतदानाचा परिणाम ज्या मुलांवर होणार होता त्यांचे आईवडील तिथे नव्हते. महिला आणि मुलांवरील अत्याचारांसाठीचे महाराष्ट्राचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात मंजूर झाले, तेही अशाच वातावरणात. तीस दिवसांत तपास पूर्ण करा, असे त्यात होते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नमुने महिनोन्महिने पडून असतात, तिथे माणसे आणि यंत्रे दिली तर पीडितेला जे मिळेल ते मुदतीच्या आकड्याने मिळत नाही, हे रोज न्यायालयात उभे राहणारा कोणीही सांगेल.

शक्ती मिलच्या सामूहिक बलात्कार प्रकरणाने २०१३ मध्ये आपली मुंबई हादरली होती. २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने तिघांना फाशी दिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द करून उरलेले संपूर्ण आयुष्य तुरुंगात, पॅरोल आणि फर्लोशिवाय, अशी जन्मठेप दिली. गुन्ह्याने समाजाच्या मनाला धक्का बसला, हे न्यायालयाने मान्य केलेच, पण लोकक्षोभ पाहून शिक्षा ठरवता येणार नाही, असेही म्हटले. तेव्हा अनेक परिचितांनी मला रागाने फोन केले. मला तो निकाल योग्य वाटला आणि आजही वाटतो.

उलट बाजूने पाहा. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले. त्यांतला एक जण तोवर तुरुंगात मरण पावला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. या निकालाचा इतर खटल्यांत आधार घेता येणार नाही, असे त्या न्यायालयाने सांगितले, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. त्या आठवड्यात माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. त्यांचा सख्खा भाऊ त्या लोकलमध्ये गेला. ते म्हणाले, "वकीलसाहेब, एकोणीस वर्षं मी ज्यांना शिव्या दिल्या ते जर नव्हते, तर मग मी कोणाला शिव्या द्यायच्या?" गुन्हा उलगडल्याचा आभास निर्माण केल्याने समाजाला खोटा दिलासा मिळतो आणि खरा गुन्हेगार मोकळाच राहतो, अशा आशयाचे निरीक्षण त्या निकालात आहे. पीडितांना लवकर दिलासा मिळावा म्हणून कच्च्या पुराव्यावर शिक्षा दिली, तर काही वर्षांनी तो दिलासाही काढून घेतला जातो, आणि तोवर नवा तपास करायला काही शिल्लक राहिलेले नसते.

२००२ च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्काराचे बिल्किस बानो प्रकरण याहून वेगळे. तो खटला गुजरातमधून मुंबईत आणला गेला आणि २००८ मध्ये इथल्या विशेष न्यायालयाने शिक्षा दिली. गुजरात सरकारने अकरा जणांना मुदतीपूर्वी सोडले, तेव्हा ती स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द झाली. ज्या राज्यात खटला चालला त्या राज्याचेच सरकार हा निर्णय घेऊ शकते, या कायदेशीर मुद्द्यावर ती रद्द झाली. तिला दार ठोठावण्याचा हक्क होता आणि तिच्या हातात नियम होता. मला पीडितांचे हक्क असे वाढलेले हवे आहेत.

एक छोटी गोष्ट जाता जाता. भावना हाच गुन्ह्याचा घटक झाला की काय होते ते आपण पालघरला २०१२ मध्ये पाहिले, जेव्हा मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि ते 'लाइक' करणाऱ्या अशा दोन तरुणींना अटक झाली. इतरांना त्रास, गैरसोय वाटेल असा मजकूर, एवढ्या धूसर शब्दांवर उभे असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात घटनाबाह्य ठरले. तुमच्या आईची वेदना आणि ही 'दुखावलेली भावना' यांना एका मापाने मोजू नये.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. जामीन आदेशाची प्रमाणित प्रत आजच मागा आणि त्यातल्या अटी नीट वाचा. एकही अट मोडली गेली असेल, किंवा कोणी साक्षीदाराकडे फिरकले असेल, तर तारीख, वेळ आणि पाहणाऱ्याचे नाव लिहून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी द्या. जामीन रद्द करण्याचा अर्ज अशा कागदांवर उभा राहतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच होतो आणि त्यासाठी निकालापर्यंत थांबावे लागत नाही. साक्षीदार घाबरले असतील तर साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करता येतो. तुमच्या वकिलाने सरकारी वकिलांना साहाय्य करण्याची परवानगी पुढच्याच तारखेला मागावी. पुरावा संपल्यावर त्याला लेखी युक्तिवादही देता येईल, तेव्हा त्याची तयारी आत्तापासून करावी.

आणि आईची साक्ष लागेल तेव्हा तिला एकटीला पाठवू नका. मुद्देमाल दाखवला जाईल, हे तिला आधी सांगून ठेवा. पोलिसांनी नोंदवलेला तिचा जबाब तिला शब्दशः वाचून दाखवा आणि जे तिने पाहिले नाही असे एखादे वाक्य त्यात असेल, तर ते आत्ताच वकिलाला सांगा. उलटतपासणीत तिला त्रासदायक प्रश्न विचारले जातील. अपमान करणारा प्रश्न असेल तर न्यायाधीश थांबवतील आणि त्यांनी थांबवले नाही तर तुमच्या वकिलाने सरकारी वकिलांमार्फत हरकत घ्यावी. पण "तुम्ही तिथे होतात का?" हा प्रश्न येईल, तेव्हा तिने जसे होते तसेच सांगावे, मग ते आरोपीच्या सोयीचे ठरले तरी चालेल.